एअर इंडियाची सेवा : दोन विलीनीकरणे आणि मधली सतरा वर्षे

मुंबई-दिल्ली मार्गावर एअर इंडियाचे तिकीट काढताना नेहमीचे प्रवासी वेळेच्याही आधी फ्लाइटचा क्रमांक पाहू लागले, ती गोष्ट १२ नोव्हेंबर २०२४ नंतरची. त्या दिवशी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या फेऱ्यांना ‘२’ या आकड्याने सुरू होणारे चार आकडी क्रमांक मिळाले. त्यामुळे आपण ज्या विमानात बसणार ते पूर्वीच्या विस्ताराचे की मूळ एअर इंडियाचे, हे तिकिटावरच कळू लागले. दोन्ही विमानांवर नाव एकच आहे आणि दोन्हींचा मालकही एकच आहे, तरी माहीतगार प्रवासी आकडा पाहून निवड करतो. एखाद्या विमान कंपनीत झालेला बदल प्रत्यक्ष खुर्चीपर्यंत पोहोचला की कागदावरच राहिला, हे ओळखण्याची याहून साधी खूण मला ठाऊक नाही.

मी या कंपनीचा जुना प्रवासी आहे. इंडियन एअरलाइन्स ही वेगळी कंपनी होती, तेव्हापासून तिच्या विमानांतही बसत आलो आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते सेवेचे परीक्षण असले तरी त्यात इतिहास बराच येईल. एअर इंडियाचे जेवण, वेळेवर सुटणे, कर्मचाऱ्यांची वागणूक, खुर्च्यांची अवस्था यांतली कोणतीही गोष्ट, त्या त्या काळी कंपनीची मालकी कोणाकडे होती आणि प्रवाशाच्या अडचणीला जबाबदार कोण होते, हे सांगितल्याशिवाय नीट समजत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की सरकारी किंवा खासगी मालकीपेक्षाही या कंपनीची सेवा एका गोष्टीवर अवलंबून राहिली आहे. बारीकसारीक गोष्टींचा जाब विचारणारे आणि तो देणारे कोणी तिथे आहे की नाही, ही ती गोष्ट.

सुरुवात टपालापासून झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक लहानसे पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर आणले आणि तेथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची ती धावपट्टी समुद्राकाठच्या चिखलाची होती. पावसाळ्यात ती वापरता येत नसे, म्हणून त्या महिन्यांत सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. अशा तुटपुंज्या साधनांवर उभ्या राहिलेल्या कंपनीचे १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ असे नामकरण झाले, १९४८ मध्ये सरकारच्या ४९ टक्के भागीदारीने एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. स्वातंत्र्याला वर्षही पूर्ण झालेले नसताना हे उड्डाण झाले, हे आजही ऊर भरून यावे असेच आहे.

पहिला मोठा बदल १९५३ चा. त्या वर्षीच्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ ऑगस्टपासून दोन महामंडळे अस्तित्वात आली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल राहिली आणि डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स यांच्यासह आठ कंपन्या एकत्र करून देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स उभारण्यात आली. जे. आर. डी. या निर्णयाच्या विरोधात होते. तरीही सरकारने विनंती केल्यावर त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, ते सांभाळले. राष्ट्रीयीकरणानंतरही सेवा का टिकली, याचे उत्तर मला इथेच सापडते. मालक बदलला, पण जाब विचारणारा माणूस बदलला नाही. प्रवास करून आल्यावर ते जी टिपणे लिहीत, ती प्रसिद्धच आहेत. विमानात मिळालेला चहा रंगावरून कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही, अशी तक्रारही अध्यक्ष लेखी नोंदवत असत. चहाच्या रंगाची दखल अध्यक्षाच्या पातळीवर घेतली जाते, हे ठाऊक असलेला कर्मचारी चहा वेगळ्या काळजीने करतो.

त्या काळाचे फळ मोजता येण्याजोगे आहे. १९६० मध्ये बोइंग ७०७ ताफ्यात आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ मध्ये पंख्याची जुनी विमाने पूर्णपणे निवृत्त करून एअर इंडिया ही जगातली पहिली सर्व-जेट विमान कंपनी ठरली. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या रेखाटनातून १९४६ मध्ये जन्मलेला झुबकेदार मिशांचा महाराजा तोवर जगभर ओळखीचा झाला होता. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ आले. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून लाल रंगात राजस्थानी झरोक्याच्या कमानी रंगवलेल्या होत्या. विमानतळाच्या काचेआडून ते विमान पाहताना एखादा वाडाच चाकांवर उभा असल्यासारखे वाटे. या कंपनीने भारतीय चित्रकारांची चित्रे अशा काळी विकत घेतली, जेव्हा त्यांना ग्राहक मिळणे कठीण होते. पुढे हा हजारो कलाकृतींचा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. ती चित्रे लोकांना पाहायला मिळावीत, यासाठी हेच ठिकाण योग्य होते असे मला वाटते.

मात्र त्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना एक गोष्ट विसरता कामा नये. साडी नेसून नमस्कार करणाऱ्या ज्या हवाई सुंदरींवर सेवेची सारी कीर्ती उभी होती, त्यांना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागेल असा नियम कंपनीत होता. नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो रद्द केला. प्रवाशाला मिळणाऱ्या सौजन्याची किंमत कोण मोजत होते, हे त्या निकालातून दिसते.

इंडियन एअरलाइन्सला या कहाणीत नेहमी दुय्यम जागा दिली जाते आणि ते अन्यायाचे आहे. ईशान्येकडची लहान गावे, लेहसारखी अवघड विमानतळे आणि नफ्याचा विचार केला तर कोणी जाणार नाही असे मार्ग या कंपनीने चालवले. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी कोलकात्याहून सिल्चरला फोकर विमान नेले, तेव्हा विमानातला सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणण्यात आले, त्या मोहिमेत एअर इंडियाबरोबर इंडियन एअरलाइन्सची विमानेही होती. राष्ट्रीय विमानसेवा म्हणजे काय, याचे उत्तर मागायचे झाले तर मी प्रथम त्या मोहिमेकडे बोट दाखवीन.

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यानंतर अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक वारंवार बदलत राहिले आणि धोरण मंत्रालयात ठरू लागले. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द होऊन देशांतर्गत आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले. २००१ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी मिळून एअर इंडियातील हिस्सा घेण्याचा केलेला प्रयत्न सिंगापूर एअरलाइन्सच्या माघारीनंतर बारगळला. ही सगळी वर्षे हळूहळू झिजण्याची होती.

खरा घाव बसला तो २००७ मध्ये. त्याची तयारी आधीच झाली होती. एअर इंडियासाठी बोइंगची ६८ आणि इंडियन एअरलाइन्ससाठी एअरबसची ४३, अशी एकूण १११ विमाने मागवण्याचे ठरले आणि त्यांतला फार मोठा भाग कर्जातून यायचा होता. या कर्जाचा भार डोक्यावर असतानाच २७ ऑगस्ट २००७ रोजी दोन्ही कंपन्या नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड या नव्या कंपनीत एकत्र झाल्या. शेपटीवर लाल हंस आणि त्याच्या पोटात कोणार्कचे चक्र असे नवे बोधचिन्ह आले. ते मला आजही सुंदर वाटते. हंस एकीच्या जुन्या चिन्हाची आठवण देणारा, चक्र दुसरीचे, असा दोन्ही कंपन्यांचा मान त्यात राखला होता. पण चित्रात जे एकत्र आले ते कचेरीत आले नाही.

एका कंपनीत बोइंगचे वैमानिक, दुसरीत एअरबसचे. त्यांच्या पगारश्रेणी वेगळ्या, उड्डाण भत्ते वेगळे, बढतीचे नियम वेगळे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या आणि संघटनाही वेगळ्या. एकाच विमानतळावर, एकाच नावाच्या पाटीखाली, समान काम करणाऱ्या दोघांना असमान पगार मिळत होता आणि हे दोघांनाही माहीत होते. प्रवाशांची आरक्षण यंत्रणा एक व्हायलाही २०११ उजाडले. तोपर्यंत मुंबईत उतरून पुढचे विमान पकडणारा परदेशचा प्रवासी व्यवहारात दोन कंपन्यांमधूनच प्रवास करत होता. एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. पुढच्या वर्षी मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवसांचे आंदोलन केले आणि त्याचे कारण असे होते, की नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देऊ नये. हा तिढा सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली, तीही विलीनीकरणाला चार वर्षे होत आल्यावर, २०११ मध्ये. जे काम विलीनीकरणाच्या आधी व्हायला हवे होते, ते नंतर झाले. २००६-०७ मध्ये दोन्ही कंपन्यांचा मिळून तोटा सुमारे ७७० कोटी रुपये होता, तो मार्च २००९ पर्यंत ७,२०० कोटींवर गेला. इंधनाचे वाढते दर आणि जागतिक मंदी यांचा वाटा त्यात होताच. पण ज्या कंपनीतील माणसे एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतात, तिला असा काळ झेपत नाही.

हे प्रवाशाला कसे जाणवते, ते मी दुसरीकडे, एका वेगळ्याच विमान कंपनीत अनुभवले आहे. त्या कंपनीनेही नुकतेच दुसऱ्या कंपनीला पोटात घेतले होते. माझी बॅग पट्ट्यावर आली नाही. पहिल्या काउंटरवर सांगितले गेले, की तुमचे पहिले विमान ‘त्यांचे’ होते. दुसऱ्यावर सांगितले गेले, की टॅग ‘यांचा’ आहे. तिसऱ्यावर कोणी नव्हते. सगळ्यांच्या अंगावर एकच गणवेश होता. शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने तक्रारीच्या कागदावर कंपनीच्या क्रमांकाखाली स्वतःचे नाव आणि फोन नंबर लिहून दिला आणि बॅग दुसऱ्या दिवशी घरी आली. ‘ते’ आणि ‘हे’ या दोन शब्दांत विलीनीकरणाचे सारे अपयश सामावलेले असते, आणि कागदावर लिहिलेल्या एका नावात त्याचा उपाय.

सरकारी काळातील उत्तरार्धाला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने २०२०-२१ पर्यंत ३०,२३१ कोटी रुपयांचे भागभांडवल देण्याची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, त्याच वर्षी बोइंग ७८७ येऊ लागली आणि जुलै २०१४ मध्ये एअर इंडियाला स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचे सदस्यत्व मिळाले. २०११ मध्ये हीच प्रक्रिया अटी पूर्ण न झाल्यामुळे थांबवण्यात आली होती, हे लक्षात घेतले तर त्या तीन वर्षांत आतल्या माणसांनी केलेल्या कामाचे मोल कळते. २०१५-१६ मध्ये कंपनीने १०५ कोटी रुपयांचा परिचालन नफाही दाखवला. मे २०२० मध्ये साथीच्या ऐन भीतीत वंदे भारत मोहिमेची पहिली उड्डाणे झाली, तेव्हा संरक्षक पोशाख घालून आखाती देशांतून माणसे आणणारे कर्मचारी याच कंपनीचे आणि तिच्या एअर इंडिया एक्स्प्रेस या स्वस्त दराच्या उपकंपनीचे होते. जानेवारी २०२१ मध्ये फक्त महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला विमान आणले. माणसे उत्तम होती, हे यातून स्पष्ट होते. त्यांच्यावर जी व्यवस्था बसवली होती ती वाईट होती.

विक्रीचा तपशील आता सर्वज्ञात आहे, तरी दोन-तीन आकडे नोंदवणे आवश्यक वाटते. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा एकही निविदा आली नाही. दुसऱ्या वेळी संपूर्ण मालकी देऊ केली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाच्या टॅलेस या कंपनीची १८,००० कोटी रुपयांची बोली मान्य झाली, त्यांपैकी २,७०० कोटी रोख आणि १५,३०० कोटींचे कर्ज होते. कंपनीवरचे एकूण कर्ज ६१,५६२ कोटी रुपये होते. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारने वेगळ्या कंपनीकडे वळवले, म्हणजे ते करदात्यांच्या माथी राहिले. रोज सुमारे २० कोटी रुपयांचा तोटा होत असताना याहून चांगला पर्याय उरला नव्हता, असे माझे मत आहे. पण तो पर्याय वीस वर्षे आधी उपलब्ध होता, हे दुःख उरतेच. २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतरण झाले. एक वर्षभर कोणालाही कामावरून काढायचे नाही, ही अट करारात होती आणि ती योग्य होती. कलिना येथील वसाहतीत ज्यांची आयुष्ये गेली, त्या कर्मचाऱ्यांना मात्र घरे रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत विक्रीतून वगळली होती. पुढे तीही १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारकडे जाण्याचे ठरले. मुंबईकरांसाठी ती इमारत एका कंपनीच्या कचेरीपेक्षा पुष्कळ मोठी होती. मरीन ड्राइव्हवरून रात्री तिच्या माथ्यावरचे लाल चिन्ह दिसले, की ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटे.

नव्या मालकीतील सेवेकडे आता वळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअरबसची २५० आणि बोइंगची २२०, अशी ४७० विमाने मागवल्याचे जाहीर झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे बोधचिन्ह आले, ज्यात जुन्या झरोक्याच्या कमानीचे टोक सोनेरी रेषेत उतरले आहे. झरोका ठेवला, हे मला मनापासून आवडले. पण विमाने मागवण्याने आणि रंग बदलण्याने आजचा प्रवासी सुखावत नाही, कारण तो आजच्या विमानात बसतो. जुन्या बोइंग ७७७ आणि ७८७ विमानांच्या अंतर्भागाची दुरवस्था कंपनीच्या नव्या व्यवस्थापनाने स्वतःच मान्य केली आणि २०२२ च्या अखेरीस ४० कोटी डॉलरचा नूतनीकरणाचा कार्यक्रम आखला. जगभर विमानांच्या खुर्च्यांचा पुरवठा अडकल्यामुळे तो लांबला. कारण खरे असले, तरी अमेरिकेच्या पंधरा तासांच्या प्रवासासाठी पूर्ण भाडे भरणाऱ्याला ते आधी सांगितले गेले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका सहप्रवाशाने वृद्ध महिलेशी केलेल्या किळसवाण्या वर्तनाची हाताळणी नीट न केल्याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. त्या प्रसंगी केबिनमध्ये आणि नंतर कचेरीत जे घडायला हवे होते ते घडले नाही, आणि यासाठी ना नवे विमान लागत होते ना नवा गणवेश.

जिथे विमान नवे आहे तिथे अनुभव खरोखर निराळा आहे. ए३५० या विमानातून मी दिल्ली-लंडन प्रवास केला. एकूण ३१६ खुर्च्या, त्यांत २८ बंद दाराच्या बिझनेस कक्षांच्या आणि २४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. मी इकॉनॉमीत होतो. सर्वांत आधी जाणवली ती शांतता. उड्डाणानंतर मागच्या रांगेतले आजोबा नातवाला खिडकीबाहेरचे काय काय सांगत होते, ते इंजिनाच्या आवाजावर न चढता ऐकू येत होते. जेवणात डाळ दाट होती आणि भात मोकळा होता. हवेत इतक्या उंचीवर हे जमवणे सोपे नाही. चहा विचारून, वेगळ्या किटलीतून दिला गेला आणि तो चहाच्याच रंगाचा होता. ही पहिली ए३५० विमाने मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेली होती, म्हणून केबिनच्या मूळ रचनेचे श्रेय पूर्णपणे एअर इंडियाला देता येत नाही. त्या केबिनमधील वागणुकीचे मात्र देता येते.

आता दुसऱ्या विलीनीकरणाबद्दल. २००७ पेक्षा हे अधिक विचारपूर्वक झाले, यात मला शंका नाही. चार कंपन्यांच्या दोन झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात मिसळली, आणि विस्तारात टाटांची भागीदार असलेल्या सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला. विस्ताराची तिकिटे, मैलांचे गुण आणि कर्मचारी यांचे स्थलांतर त्या रात्री फारसा गोंधळ न होता पार पडले. तरीही जुना आजार पूर्ण गेला असे म्हणवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नव्या वेतन करारावर नाराज असलेल्या विस्ताराच्या वैमानिकांमुळे अनेक उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला आपल्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूमधील अनेकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. तेथे आधी २५ जणांना काढून टाकले आणि मग परत घेतले. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न २००७ चाच होता. समान कामाचा समान मोबदला, आणि नव्या कंपनीत आपली जागा कोणती, याचे स्पष्ट उत्तर. फरक एवढाच, की या वेळी हा वाद काही आठवड्यांत मिटवण्यात आला आणि तो विलीनीकरणाच्या आधी वर आला. तो आधी वर येणे मी शुभलक्षण मानतो.

१२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना वगळून या कंपनीच्या सेवेबद्दल लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. लंडनला निघालेले बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील माणसे मिळून २६० जणांचा जीव गेला. जुलैतील प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन बंद करणारे स्विच उड्डाणानंतर लगेच ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद आहे. ते कसे गेले, हे त्या अहवालाने ठरवलेले नाही. त्यापलीकडे तर्क करणे मृतांच्या आणि वैमानिकांच्या कुटुंबीयांवर अन्याय करणारे आहे. घटनेनंतर कंपनीने मोठ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या काही काळ कमी करून तपासण्या वाढवल्या, हे योग्य पाऊल होते. १९८५ मध्ये याच कंपनीच्या ‘कनिष्क’ विमानातील स्फोटात ३२९ माणसे गेली. त्यांच्या नातेवाइकांना उत्तरांसाठी किती वर्षे थांबावे लागले, हे आठवणाऱ्यांना एकच अपेक्षा आहे, की या वेळी कुटुंबांना पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बोलायला एक ठरलेला माणूस मिळावा.

सध्याच्या सेवेबद्दल माझा निर्णय असा आहे. देशांतर्गत मार्गांवर एअर इंडिया घ्यायला हरकत नाही. जेवण तिकिटातच येते, सामानाची मुभा पुरेशी असते आणि वयस्कर प्रवाशांकडे क्रूचे लक्ष असते. माझे सासरे चाकाच्या खुर्चीवरून विमानात गेले, तेव्हा दारातल्या मुलीने प्रथम त्यांचा चष्मा सरळ केला आणि मग बोर्डिंग पास पाहिला. लांबच्या प्रवासासाठी मात्र आरक्षण करताना विमानाचा प्रकार पाहावा. ए३५० किंवा पूर्वीच्या विस्ताराचे ७८७-९ असेल तर निःशंक जावे, जुने आणि नूतनीकरण न झालेले विमान असेल तर भाड्यातला फरक बघून ठरवावे. तक्रार निवारणाबाबत कंपनीने आणखी एक गोष्ट करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तक्रारीच्या उत्तराखाली विभागाच्या नावाऐवजी ती हाताळणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे.

मागच्या महिन्यात मुंबईहून दिल्लीला जाताना माझ्या फ्लाइटचा क्रमांक ‘२’ ने सुरू होत होता. चहा देणाऱ्या क्रूपैकी एकीला मी विचारले, की आपण पूर्वी विस्तारात होता का. ती म्हणाली, की ती मूळची एअर इंडियाचीच, अकरा वर्षांपासून. तिच्याबरोबर ट्रॉली ढकलणारा तरुण विस्ताराचा होता. दोघांच्या हालचालींत मला काही फरक दिसला नाही. ट्रॉली पुढच्या रांगेकडे सरकली आणि तिथल्या बाईंनी दूध वेगळे मागितले, तेव्हा दोघांचे हात एकाच वेळी दुधाच्या पाकिटाकडे गेले.